आप्पांची प्रथिनबंदी

बीडच्या डॉक्टरांनी नीट समजावलं होतं. आप्पांच्या मेंदूत एक प्रथिन वेडीवाकडी घडी घेऊन साचतंय, मज्जापेशींना सूज येतेय, म्हणून हात थरथरतो. आजाराचं नाव पार्किन्सन. पुढचंही ते सांगणार होते, पण लेक अमरसिंह पडला पुढारी. त्याचा फोन वाजला आणि तो बाहेर गेला. गोळी वेळेवर घ्या, खाणंपिणं सोडू नका, हे एकट्या आप्पांनी ऐकलं. आणि घरात आप्पांचं ऐकतंय कोण?

परतताना मांजरसुंब्याच्या ढाब्यावर आप्पांनी अंडी मागवली. अमरसिंहनं ताट ओढून घेतलं.

"मेंदूत प्रथिनं साचलीत आन वरून अंडी? आजपासून अंडी, डाळ, दूध समदं बंद!"

"आरं, ते खाण्यातलं न्हाई. डॉक्टर म्हणले..."

"डॉक्टरसंगं मी बोललोय, आप्पा."

घरी मुक्ताबाईंनी डॉक्टरांच्या सांगण्यातली सूज तेवढी उचलली. नवऱ्याच्या टकलावर त्या रोज आंबेहळदीचा लेप थापू लागल्या. "माझा पाय मुरगळलता, तवा ह्यानंच उतरली की सूज!"

चटणी-भाकरीवर पिवळ्या डोक्याचे आप्पा इतके वाळले, की हाताच्या जोडीला पायही लटपटू लागले. गावानं आपलं निदान केलं: म्हातारा घ्यायला लागला.

आप्पांना घोर एकच होता. गावातल्या नवरदेवांना फेटा तेच बांधत आले होते, आणि आता लग्न होतं नातीचं, विजयमालाचं.

"तुमी आत बसा," अमरसिंह म्हणाला. "फोटो निघणारेत. लोक म्हणतील, सायबाचा बाप पिऊन आलाय."

"माझ्या डोक्यात काय साचलंय ते डॉक्टरला तरी कळलं. तुझ्या डोक्यातलं कुणाला कळावं?"

लग्नादिवशी विजयमालानं आप्पांना वेळेवर गोळी दिली, मग चोरून वाटीभर घट्ट वरण. डोकं पुसलं आणि हाताला धरून मांडवात आणलं. "फेटा आप्पाच बांधतील. न्हाईतर मी बोहल्यावर चढत न्हाई."

चारचौघांत अमरसिंहला हसावंच लागलं.

नवरदेव पाटावर बसला. विजयमालानं कापडाचं टोक ताणून धरलं. आप्पांचा हात थरथरत फिरला आणि पदरापदराला बारीक, दाट चुण्या पडल्या. मांडवात कुजबुज झाली.

"लई भारी! पुण्याची फॅशन दिसतीय."

फोटोवाला नवरदेवापुढून हलेना. तेव्हा अमरसिंहनं आपला फेटा उतरवला आणि येऊन आप्पांपुढे डोकं वाकवलं.

"आप्पा, मलाबी तसाच बांधा की."

"बांधतो," आप्पा म्हणाले. "आधी दोन अंडी सांग."