बारा दारे

चाळिसाव्या ओळीसमोर मास्तरांनी ‘सोडून द्या’वर खूण केली आणि चष्मा काढून सदऱ्याच्या टोकाने पुसला. आता एकच ओळ उरली होती.

सकाळपासून ते या यादीला चिकटून बसले होते. साइट नव्या सर्व्हरवर हलवायची होती. साइट म्हणजे खेळांसाठी लागणाऱ्या चित्रांचे भांडार: झाडे, भिंती, पायऱ्या, ढग, रिकामी पिंपे. संगणकावरचे खेळ बनवणाऱ्यांनी यावे, हवे ते उचलावे, कुणाला काही देऊ नये. अट एकच, ज्याने चित्र काढले त्याचे नाव लिहावे. सर्व्हरवरची जागा एका कंपनीने सात वर्षांपासून फुकट दिली होती. प्रत्येक पानाच्या तळाशी बारीक अक्षरांत कंपनीचे नाव असे, बस, तेवढेच. कंपनीतर्फे हे काम पाहणाऱ्या बाईंना सगळेच ताई म्हणत. मास्तरांनी त्यांना कधी पाहिले नव्हते. आवाज तेवढा ओळखीचा होता.

“फुकट का देता हो जागा?” असे त्यांनी एकदा भीतभीत विचारले होते.

“आमच्यातल्या एकीला तुमची साइट आवडायची. तिने हट्टच धरला,” ताई म्हणाल्या होत्या.

काल त्यांचाच फोन आला होता. “मास्तर, तुम्ही काढून टाकलेली एक्केचाळीस पानं जुन्या सर्व्हरवर नुसती झाकलेली आहेत. न्यायची की सोडायची, ते तुम्हीच सांगा. तपासनीस तुम्ही. सोडली की कायमची गेली हं.”

मास्तर शाळेत चित्रकला शिकवून निवृत्त झाले होते. साइटवर आलेले चित्र ज्याचे त्याचे आहे की कुठून उचललेले, हे पाहण्याचे काम त्यांनी अंगावर घेतले होते. ‘मास्तरांच्या नजरेखालून गेलं म्हणजे चोख’ असे मंडळी लिहीत. मास्तर ते घाईघाईने बंद करत, आणि जरा वेळाने पुन्हा उघडून वाचत.

त्यांनी चष्मा लावला. एक्केचाळिसावी ओळ: ‘बारा दारे. काढणार: खारुताई.’

त्याखाली आठ वर्षांपूर्वीचा शेरा होता. ‘ही दारे दुसऱ्या सभासदाची आहेत. सरळसरळ चोरी. अशांना इथे थारा नाही. – मास्तर.’ तेव्हा हा शेरा महिनाभर सगळ्यांना दिसत होता. वीसेक जणांनी त्याला दुजोराही दिला होता.

झाले होते असे की, हुबेहूब तशीच दारे आणखी एकाच्या पानावर होती आणि त्या पानावर तीन महिने आधीची तारीख होती. मास्तरांनी तारखा पाहिल्या आणि निकाल दिला. चित्र केव्हा काढले तो रकाना ज्याचा त्यानेच भरायचा असतो, कुणीही काहीही लिहू शकतो, हे त्यांना पुढे वर्षभराने कळले. त्या दिवशी त्यांना दारांची आठवण झाली होती. त्यांनी ती झटकली होती. जेवायची वेळ झाली होती, असे काहीतरी.

शेऱ्याखाली एक पत्र होते. शेजारी लिहिलेले होते: ‘न उघडलेले.’

‘मास्तर, कच्ची चित्रं जोडली आहेत. एकदा बघाल का?’

मास्तरांनी उघडले. चौकटीच्या वहीचे कागद होते. एकेक चौकट मोजून, पेन्सिलीने ठिपके देऊन काढलेली दारे. पाचव्या दाराची कडी आधी बिजागरीच्या बाजूला काढलेली, मग खोडून दुसरीकडे नेलेली. खोडताना कागद जवळजवळ फाटला होता. नक्कल करणाऱ्याच्या कागदावर अशी खाडाखोड नसते, हे मास्तरांनी तीस वर्षे मुलांना सांगितले होते.

“अहो, दोनदा हाक मारली मी.” बायको दारात उभी होती. “चेहरा का असा? कुणी गेलं का?”

“नाही.”

“मग?”

“एकीला चोर म्हटलं होतं मी. चारचौघांत.”

“आणि ती नव्हती.”

मास्तरांनी खाडाखोडीचा कागद पडद्यावर मोठा करून तिला दाखवला.

“आज कळलं?”

“आज…” त्यांनी माउस उगाच सरळ करून ठेवला. “सात वर्षांपूर्वीच कळायला हवं होतं. बघितलं नाही.”

बायको खुर्ची ओढून बसली. “माझ्या भावाने छत्री नेली म्हणून महिनाभर अबोला धरलात. छत्री माळ्यावर निघाली. तेव्हा त्याची माफी मी मागितली. आठवतंय?”

“हो.”

“या वेळी मी नाही मागणार.”

“हे पान सोडून दिलं, तर कुणाला कळणारसुद्धा नाही,” मास्तर हळूच म्हणाले. बोट माउसवर होते.

“मला सांगून बसलात की,” ती म्हणाली आणि उठून आत गेली.

मास्तरांनी ‘सोडून द्या’वर नेलेला बाण परत आणला. पुन्हा नेला. पुन्हा आणला. मग एका कागदावर काय बोलायचे ते लिहून काढले, दोन शब्द खोडले आणि फोन लावला.

“ताई, शेवटचं पान न्यायचं. सगळ्यांना दिसेल असं. माझ्या शेऱ्यासकट.” ते कागदावरून वाचू लागले. “त्याखाली लिहा: हा शेरा चुकीचा आहे. दारं खारुताईंचीच आहेत. त्यांनी पुरावा पाठवला होता, मी तो उघडलाच नाही. खाली माझं नाव.”



“शेरा गाळता येईल, मास्तर,” ताई म्हणाल्या. “नुसती दारं नेऊ. तुमचं नाव कशाला मध्ये?”

“नको. राहू द्या.” कागदावरचे संपले होते. “त्यांना कळवायचं होतं हो. पण त्यांचा तो पत्ता बंद आहे. इतक्या वर्षांत आणखी कुठे काढली असतील चित्रं… शोधता येईल का?”

“नाही काढली.”

मास्तरांच्या हातातला कागद तसाच राहिला.

“तेराव्या दारावर होते मी तेव्हा,” ताई म्हणाल्या. आवाज नेहमीचाच होता, फक्त जरा सावकाश. “तुमचा शेरा आला आणि ते राहिलंच. कागद आहे अजून. म्हटलं, आता पुरं करावं.” मग त्यांनी विचारले, “पाठवलं तर तपासाल ना, मास्तर?”

मास्तरांनी मान हलवली. एकदा, मग पुन्हा एकदा. फोनवर हे दिसत नाही, हे त्यांच्या लक्षात यायला बराच वेळ लागला.