आईचा रकाना

माझा गुडघा पासाऊला येणार नाही, हे मला शीटवरून कळलं.

माझा मुलगा निशिकांत बँकेत मॅनेजर आहे. घरात काहीही करायचं असलं की तो आधी शीट उघडतो. दिवाळीच्या फराळाचीही शीट होती आणि तिच्यात चकल्या माझ्या नावावर होत्या. जूनच्या सुट्टीत आम्ही सगळे व्हिएन्नाला जाणार, म्हणून त्याने प्रत्येकाच्या नावाचा एक रकाना केला आणि ती शीट सगळ्यांच्या फोनवर पाठवली. मला पाठवली ती अशासाठी की, मी प्रत्येक दिवसापुढे सोबतचा खाऊ लिहावा.

दशम्या, चिवडा, लाडू लिहीत मी सात जूनपर्यंत आले. ‘पासाऊ (जर्मनी), एका दिवसाची सहल. जुनं गाव, तीन नद्यांचा संगम, किल्ला, पायऱ्या २००.’ निशिकांतच्या रकान्यात बरोबरची खूण. माझी सून सुलेखा, तिच्याही रकान्यात खूण. नात मधुवंती दहा वर्षांची, तिच्याही. आणि माझ्या रकान्यात, ‘हॉटेलवर विश्रांती. गुडघा.’

तळपायाची आग मस्तकात गेली.

कऱ्हाडच्या शाळेत मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. डॅन्यूब मी फळ्यावर डोळे मिटून काढायची. आमच्या गावात कृष्णा आणि कोयना समोरासमोर येऊन भेटतात, ते बघत मी वाढले. पासाऊला तर तीन नद्या भेटतात आणि तिघींचे रंग वेगळे. डॅन्यूब निळसर, इन दुधाळ हिरवी, इल्झ काळपट. मी हे रंगवून सांगितलं की मागच्या बाकावरून कुणीतरी विचारायचंच, “बाई, तुम्ही पाह्यलंय?” मी म्हणायची, “पाहीन.” निशिकांतही लहानपणी माझ्याच तोंडून हे ऐकत झोपायचा. शीटमध्ये पासाऊ आलं ते तिथूनच.

मी त्या चौकटीवर कॉमेंट लिहिली, “मी येणार.”

निशिकांत माझ्यापासून चार पावलांवर सोफ्यावर बसला होता. तोंडाने बोलायचं सोडून त्यानेही लिहिलं, “आई, किल्ल्याच्या पायऱ्या आहेत गं. त्रास होईल.”

मी लिहिलं, “त्रास माझा आहे.”

त्याने ‘रिझॉल्व्ह’ दाबलं. ते दाबलं की कॉमेंट दिसेनाशी होते. बँकेत बहुतेक प्रश्न असेच मिटत असावेत.

ठीक आहे, म्हटलं. पुन्हा एक अक्षर लिहिलं नाही.

इकडे परदेशात, बुकित बातोक वस्तीतला आमचा फ्लॅट बाराव्या मजल्यावर. इथे तळमजल्यालाच पहिला म्हणतात, म्हणजे चढायचे अकरा. मजल्याला पायऱ्या अठरा, एकूण एकशे अठ्ठ्याण्णव. शिवाय इमारतीखालच्या मोकळ्या जागेवर, व्हॉइड डेकवर, यायच्या दोन. मोजून दोनशे! हाउसिंग बोर्डाने माझ्यासाठी किल्ला बांधून ठेवला होता आणि मी चार वर्षं लिफ्टने जात होते.

पहिल्या दिवशी चौथ्या मजल्यावर बसले ती बसलेच. गुडघा बोलत होता, नाही असं नाही. दुसऱ्या दिवशी कठडा धरून पाचव्यापर्यंत गेले. तिथल्या चिनी आजी कुंड्यांना पाणी घालत होत्या.

“आंटी, लिफ्ट स्पॉइल आह?”

“लिफ्ट गुड,” मी धापा टाकत म्हटलं. “आय ॲम गोइंग टू जर्मनी.”

त्यांनी मला नीट न्याहाळलं. तिसऱ्या दिवशी पाचव्या मजल्यावर माझ्यासाठी एक लाल प्लॅस्टिकचं स्टूल ठेवलेलं होतं.

शीटच्या तळाशी मी माझी एक ओळ वाढवली. बारा मे, पाच मजले. एकोणीस मे, आठ मजले. तीस मे, पूर्ण बारावा, वाटेत दोन थांबे. कुणी तेवढं खाली बघितलंच नाही.

निघायच्या दोन दिवस आधी सुलेखा बॅग भरत होती. राजस, माझा तीन वर्षांचा नातू, त्याच बॅगेत बसला होता. सुलेखा सहज म्हणाली, “आई, सात तारखेला याला दोनला झोपवा हं. आमची ट्रेन रात्री आठच्या आत यायची नाही. दुधाची पावडर या कप्प्यात ठेवते.”

मी म्हटलं, “राजस येत नाहीये पासाऊला?”

ती घडी घातलेला शर्ट पुन्हा घडी घालायला लागली. मी फोन काढला आणि शीट उजवीकडे सरकवली. राजसचा रकाना अगदी टोकाला होता, माझ्या फोनवर तो कधी दिसलाच नव्हता. त्यात लिहिलं होतं, ‘आईबरोबर.’ शीटमधली आई म्हणजे मी.

तेव्हा मला फार लागलं. गुडघ्याचा अपमान मी पोटात घातला असता. पण इथे गुडघ्याचा संबंधच नव्हता.

संध्याकाळी निशिकांत बुटाची लेस सोडतच होता. मी म्हटलं, “सोडू नकोस. चल खाली.”

“काय झालं, आई?”

“माझा गुडघा दाखवते. हातच्या कांकणाला आरसा कशाला?”

लिफ्टने उतरलो आणि जिन्याने चढायला लागलो. मी पुढे, तो मागे. तिसऱ्या मजल्यावर त्याने टाय सैल केला. पाचव्यावर तो कठड्याला टेकला आणि मग माझ्याच लाल स्टुलावर बसला.

दारातून चिनी आजी डोकावल्या. “युअर सन आह? सो यंग, सो टायर्ड, लाह!” असं म्हणून त्या आत गेल्या.

तो शर्टाने घाम पुसत होता. मी त्याच्यासमोर उभी राहिले.

“राजसला सांभाळायला माणूस हवं होतं ना?”

“आई, तसं नाही गं.”

“तसंच आहे. नुसतं विचारायचं होतंस. आई, त्या दिवशी राजसपाशी थांबशील का? मी हो म्हटलं असतं. बाथरूममध्ये जाऊन रडले असते, पण हो म्हटलं असतं. तू विचारलं नाहीस. माझा गुडघा पुढे केलास.”

त्याने मान खाली घातली. मग म्हणाला, “तू हो म्हणशील हे माहीतच होतं. म्हणून तर नाही विचारलं. तू हो म्हणाली असतीस आणि तिथे उभं राहून मला वाईट वाटलं असतं.”

खरं बोलला. लहानपणीही चोरी पकडली की असाच खाली मान घालून खरं बोलायचा. मला त्याची माया आली आणि रागही तेवढाच आला.

“मग वाटू दे ना. मला महिनाभर वाटतंय.”

“बरं,” तो म्हणाला. “आता विचारतो. सांभाळशील राजसला त्या दिवशी?”

चार वर्षांपूर्वी राजसच्या जन्माआधीच्या तयारीसाठी मला इथे बोलावून घेतलं. तेव्हापासून या घरात मला जे जे विचारलं गेलं, त्या सगळ्याला मी हो म्हटलं होतं. दूध, डबे, शाळेची बस, ताप, रात्रीची जागरणं, सगळ्याला.

“नाही,” मी म्हटलं.

त्याने वर बघितलं. मी थट्टा करत नव्हते, हे त्याला दिसलं. तो उठला.

“राजस दोनशे पायऱ्या कसा चढणार?”

“तू कडेवर घे. अजून सात मजले आहेत, आत्तापासून सवय कर.”

उरलेले सात मजले मी न थांबता चढले. गुडघा ठणकत होता आणि मी त्याला खुशाल ठणकू दिलं. बाराव्या मजल्यावर पोचले तेव्हा निशिकांत दहाव्यावर होता. त्याचा श्वास जिन्यातून वर ऐकू येत होता.

तो यायच्या आत मी दारातच फोन उघडला. सात जून. राजसच्या रकान्यातलं ‘आईबरोबर’ खोडून लिहिलं, ‘बाबाच्या कडेवर.’ माझ्या रकान्यातली विश्रांती खोडली, गुडघाही खोडला आणि बरोबरची खूण केली. मग पहिल्या दिवशी लिहिली होती तीच कॉमेंट पुन्हा लिहिली, “मी येणार.”

आणि रिझॉल्व्ह मीच दाबलं.