भोपळ्यानं पिंजरा बळकावला

धाकटीनं लोखंडी जाळीचा पिंजरा आणून बाहेरच्या खोलीत मांडला, तेव्हाच ताईच्या कपाळाला आठी पडली. त्याच खोलीत ताईचं शिलाई मशीन, गिऱ्हाइकांच्या कपड्यांचा ढीग आणि मशीनखाली भोपळ्या. भोपळ्या म्हणजे तिचा म्हातारा, गोलमटोल कुत्रा. त्याची ऊब पायाला लागल्याशिवाय आपली शिवण सरळ येत नाही, असं ती गिऱ्हाइकांना सांगायची.

दवाखान्यात नर्स असलेली धाकटी बदली होऊन बहिणीकडे राहायला आली, ती कुत्रीचं पिल्लू काखेत घेऊनच. त्याचं नाव टिचकी.

"हिला पिंजऱ्याची सवय लावायची," धाकटी म्हणाली. "म्हणजे मी कामावर गेल्यावर तुझे कपडे फाडणार नाही. आत खाऊ टाकायचा आणि आपणहून जाऊ द्यायचं. जबरदस्ती करायची नाही."

"माझ्या भोपळ्याला कुणी काही शिकवलं नाही. उपजतच शहाणा आहे तो."

धाकटीनं उकडलेल्या चिकनचा तुकडा आत टाकला आणि लाडानं म्हणाली, "घरात." टिचकीनं तुकड्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि तिची चप्पल उचलून कपाटामागे पळ काढला. भोपळ्या मात्र उठला. जावई सासुरवाडीत शिरावा तसा संथपणे आत गेला, तुकडा खाल्ला आणि पुढच्याची वाट बघत बसला.

"शहाणं माझं बाळ ते," धाकटी म्हणाली आणि तिनं त्याच्या कानामागे खाजवलं.

'माझं बाळ' ऐकून ताईच्या नाकाला मिरच्या झोंबल्या.

दोन-चार दिवसांत धाकटीच्या चावीचा आवाज झाला की भोपळ्या 'घरात' म्हणण्याआधीच घरात जाऊ लागला. टिचकी जाळीतून त्याची शेपटी ओढायची, त्याच्या अंगाखालची सतरंजी खेचायची आणि काहीच जमलं नाही की बाहेर बसून गळा काढायची. एकदा धाकटीनं भोपळ्याला उठवून टिचकीला आत ठेवलं आणि कडी लावली. भोपळ्यानं नाकानं कडी सरकवली, टिचकी बाहेर येईपर्यंत सभ्यपणे थांबला आणि मग आत जाऊन आडवा झाला.

धाकटी पोट धरून हसली. ताईला हसू आलं नाही. मशीनखाली पाय टेकवले की नुसती गार फरशी लागायची. त्या नादात तिनं एका बाईच्या झग्याला बाही उलटी लावली आणि दोष धाग्याला दिला.

एका दुपारी धाकटी कामावर असताना ताईनं चिकनचा भलामोठा तुकडा घेतला आणि पिंजऱ्यासमोर गुडघे टेकले.

"भोप्या, ये रे राजा."

भोपळ्यानं डोळा उघडला, सुस्कारा सोडला आणि हनुवटी पंजांवर ठेवली. ताईनं डोकं आणि दोन्ही हात आत घालून त्याला धरलं. "फितूर मेला. चल बाहेर." मागून टिचकीनं तिच्या गळ्यातली मोजपट्टी पकडली आणि जीव खाऊन ओढायला लागली.

तेवढ्यात दार उघडलं. धाकटी लवकर सुटली होती.

"ताई," ती म्हणाली, "तुलाही सवय लावायची का?"

ताई केस सारखे करत बाहेर आली. टिचकीच्या तोंडातून मोजपट्टी सोडवून घेतली. मग म्हणाली, "तुझ्या हाकेला उठतो तो. माझ्या नाही. तू जन्मलीस तेव्हा आईजवळची माझी जागा अशीच गेली होती."

"आणि मी तुझे उतरलेले फ्रॉक घालून मोठी झाले, ते?" धाकटी खुर्चीत बसली. "वर्गातल्या मुली मला तुझ्याच नावानं हाक मारायच्या. मला कुठं माझं म्हणून काही होतं? आता ही टिचकी तेवढी माझी. ये गं टिचके."

टिचकी आली नाही. ती मशीनखालच्या चिंध्यांत शिरून डोळे मिटायच्या बेतात होती. धाकटीनं पुन्हा हाक मारली, खाऊ दाखवला. शेपटीसुद्धा हलली नाही. धाकटीचा चेहरा पडला, आणि ताईला आतून गुदगुल्या झाल्या. ती मशीनवर जाऊन बसली आणि टिचकी दचकू नये अशा बेतानं पायडल मारू लागली.

त्या आवाजानं भोपळ्यानं मान वर केली. आपल्या जागेवर दुसरं कुणीतरी झोपलंय हे दिसताच तो असा उठला की पिंजरा खडखडला. आला, टिचकीला ढुंगणानं बाजूला सारलं आणि ताईच्या पावलांवर धप्पकन बसला. टिचकी चवताळली, चार वेळा भुंकली. मग तिला रिकामा पिंजरा दिसला. ती तडक आत गेली आणि सतरंजीच्या मधोमध बसून भोपळ्याकडे बघत गुरगुरू लागली.

"गेली की आत," धाकटी हळूच म्हणाली. "लागली सवय."

"तुझ्या शिकवण्यानं नाही. जळफळाटानं गेली."

"कशानं का होईना." धाकटी चहा टाकायला उठली. जाता जाता वाकून तिनं भोपळ्याच्या कानामागे खाजवलं. भोपळ्यानं डोळे मिटले.

"हात काढ," ताई म्हणाली.