तेलात बसलेली हळद

मित्रांनो, चावी दिली की टिकटिकणारं एक मनगटी घड्याळ म्हणजे मी. माझा जन्म साता समुद्रांपलीकडचा. पण आयुष्य गेलं ते सांगलीजवळच्या एका खेड्यात, साळूबाईंच्या कनवटीला.

१९४२ साली त्यांचे पती लालासाहेब पलटणीबरोबर लढाईवर निघाले. जाताना त्यांनी मला बायकोच्या हाती दिलं, वेळ बघायलाही शिकवलं. पुढे सासूबाई अंथरुणाला खिळल्या. औषधपाण्यात घरखर्च भागेना, तेव्हा साळूबाई सांगलीला हळदीच्या वखारीत कामाला जाऊ लागल्या.

"लालाला कळू देऊ नगंस. बायको रोजगाराला जाती म्हणून झुरंल त्यो," सासूबाईंनी शब्द घेतला.

औषधाच्या वेळेला घरी पोचायचं, म्हणून मी सोबत असे. वखारीत हळदीची धूळ इतकी उडे, की माणसं पिवळी होत. हळूहळू माझी चाल मंदावली. मग साळूबाई उन्हावरून वेळ जोखू लागल्या. औषध मात्र कधी चुकलं नाही.

लढाई संपून लालासाहेब परतले, तोवर आई गेली होती. त्यांनी मला मनगटावर बांधलं. रोज स्टेशनच्या घड्याळाशी जुळवावं आणि रोज मी मागे पडावं. चावी पुरती दिली, रात्री उताणं ठेवलं, उभं ठेवलं, फरक नाही.

"पाडलंस न्हवं? एवढी एक वस्तू सांभाळाय दिली हुती!"

"न्हाई आवं, पाडलं न्हाई." सासूला दिलेला शब्द आठवून साळूबाई पुढे बोलल्या नाहीत. लालासाहेबांनी अबोला धरला.

शेवटी सांगलीच्या भूपाल घड्याळजींनी मला उघडलं. भिंग लावून केसाएवढी बारीक कमान पाहिली, मग चाकं.

"पडल्यालं न्हाई हे. तेलात हळद बसलीया, म्हणून चाकं जड झाल्यात. वखारीत कोण कामाला हाय काय?"

लालासाहेब चमकले. मला साफ करायला ठेवून ते तडक हळदपेठेत गेले. तिथं साळूबाईंबरोबर काम केलेल्या रंगुबाईंनी सगळं सांगितलं.

परतताना साफ झालेल्या मला दुकानातून घेतलं आणि घरी येऊन त्यांनी मला बायकोपुढे धरलं. "साळू, चुकलं माझं. हे तूच ठेव."

भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "घड्याळजीनं सांगितलं तवा पटलं. मी सांगितलं तवा का न्हाई?"

 मी लालासाहेबांच्या तळहातावरच राहिलो, अगदी बिनचूक चालत.

मित्रांनो, वस्तू जरूर जपा. पण ती बिघडली, तर आधी घरच्या माणसाच्या शब्दावर विश्वास ठेवा. चाकांत बसलेली धूळ धुता येते; मनात बसलेली धुवायला कुणाकडे जाल?