तिसरा रिले

"हासुद्धा मेलेलाच दिलास," म्हणत मिस्त्रीने रिले काउंटरवर आपटला. काडेपेटीएवढा तो काळा डबा उडून मागच्या कपाटावर आदळला आणि दुकानातली दोन गिऱ्हाइकं बाजूला सरकली.

स्पेअर पार्ट्सच्या त्या दुकानाचा शेठ म्हणजे मिस्त्रीचा तरुणपणापासूनचा दोस्त. मिस्त्रीने गॅरेज काढलं त्याच वर्षी त्याने दुकान टाकलं होतं आणि एकमेकांच्या घरच्या लग्नांत दोघेही घरचं कार्य असल्यासारखे राबले होते. म्हणून शेठ आधी हसला. त्याने रिले उचलला आणि तो टक् वाजतो का ते बघायला काउंटरवरच्या बॅटरीच्या दोन वायरी त्याला लावल्या.

"वाजतोय की रे," तो म्हणाला.

"कुठे वाजतोय?"

"आत्ता वाजला. हा घे, परत."

मिस्त्रीने मान पुढे केली. रस्त्यावरून ट्रक चालले होते, पलीकडे कुणीतरी पत्रा कापत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. शेठ आपल्या तोंडावर धडधडीत खोटं बोलतोय एवढंच त्याला दिसलं आणि त्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"लाज वाटत नाही तुला? डुप्लिकेट माल गळ्यात मारतोस आणि वर मलाच शिकवतोस? माझ्या लेकीची गाडी आहे ती. तिच्याशी तरी इमान राखायचंस."

गिऱ्हाइकांसमोर हे ऐकून शेठचा चेहरा पडला. आत जाऊन त्याने खोक्यातला नवा रिले आणला आणि मिस्त्रीच्या छातीशी धरला.

"हा ने. पैसे नकोत. आणि पुन्हा माझ्या दुकानाची पायरी चढू नकोस."

तो ओरडूनच बोलला होता, त्यामुळे शब्दन्‌शब्द मिस्त्रीपर्यंत पोचला.

लेक नर्स होती. तिची ड्यूटी सकाळी लवकरची आणि गाडी जुनी, डिझेलची. थंडी पडल्यापासून गाडी सकाळी सुरूच व्हायला मागत नव्हती. स्टार्टर घरघरत राहायचा, पांढरा धूर निघायचा आणि बऱ्याच वेळाने इंजिन खोकत खोकत जागं व्हायचं. हेड सिस्टरने दोनदा चारचौघांत तिचा पाणउतारा केला होता. जावई म्हणाला, "बाबांना कशाला त्रास? शोरूमला दाखवू." ते मिस्त्रीच्या जिव्हारी लागलं. उभी हयात डिझेल इंजिनांत घालवलेल्या माणसाच्या घरची गाडी शोरूमला जायची? त्याने लेकीला गाडीसकट माहेरी बोलावून घेतलं. हे दुखणं तपासायचं तर गाडी रात्रभर अंगणात गारठायला हवी, कारण गरम इंजिन सगळं झाकून नेतं.

तपासायची त्याची रीत ठरलेली होती. थंडीत डिझेल पेटावं म्हणून इंजिनात छोटे हीटर प्लग असतात. चावी फिरवली की रिले टक् करतो आणि प्लगना करंट देतो. रिले वाजला तर पुढे जायचं, प्लग बघायचे. नाही वाजला तर तिथेच थांबायचं. ह्या रीतीने त्याने शेकडो गाड्या मार्गी लावल्या होत्या, त्यामुळे तो तिथेच थांबला होता. गाडीतला जुना रिले वाजला नाही, तो त्याने फेकला. शेठकडचा पहिला वाजला नाही. दुसऱ्याने तर भांडणच झालं.

तिसरा त्याने दुसऱ्या दिवशी उजाडताना बसवला. बोनेटवर दव होतं, हात बधिर झाले होते आणि रात्रभर झोप न लागल्याने शेठवरचा राग आणखी आंबला होता.

"फिरव," तो म्हणाला. लेकीने चावी फिरवली.

"बघ. हाही मेलेला. असल्या माणसाला मी दोस्त म्हणत होतो."

"बाबा, वाजला ना."

"काय?"

"रिले वाजला," ती खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली.

"तुला काय कळतंय त्यातलं? गुमान बस. परत फिरव."

तिने फिरवली. ह्या वेळी बोलली नाही, फक्त एक बोट वर केलं. थोड्या वेळाने पुन्हा केलं. रिले चालू होतो तेव्हा एकदा वाजतो आणि बंद होतो तेव्हा एकदा. हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं. मिस्त्री तिच्या बोटाकडे बघत राहिला.

मग त्याने स्वतःचं बोट रिलेवर टेकवलं.

"परत."

बोटाखाली काहीतरी बारीकसं उडालं. कानात काही नव्हतं, लांबून पाणी वाहत असल्यासारखा नेहमीचा आवाज तेवढा होता.

"परत," तो म्हणाला. रिले पुन्हा उडाला.

"बाबा, मी तुम्हाला किती दिवस सांगतेय, एकदा कान तपासून..."

"ओरडू नकोस," तो खेकसला. ती ओरडली नव्हती. ती हळूच बोलली होती आणि त्याने ते तिच्या तोंडाकडे बघून ओळखलं होतं. किती दिवस आपण असं ओळखत आलो ह्याचा त्याला आता संताप आला, आणि तो काढायला समोर कुणी उरलं नव्हतं. शेठ खोटं बोलला नव्हता. जुना रिलेही धडधाकट होता.

त्याने पान्याने प्लगांची पट्टी सोडवली आणि टेस्ट लॅम्प एकेका प्लगला लावला. दोन ठिकाणी दिवा लागला, दोन ठिकाणी नाही; म्हणजे दोन प्लग गेलेले होते, आणि बदलायचे तर चारही एकदम बदलायचे. पहिल्याच दिवशी प्लग बघितले असते तर गाडी केव्हाच सुटली असती. लेक रिक्षाने ड्यूटीवर गेली. ती जाताना त्याने तिच्याकडे पाहिलं नाही.

हीटर प्लग बाजारात आणखी दोन दुकानांत मिळत होते. मिस्त्री ती दोन्ही ओलांडून पुढे गेला. शेठच्या दुकानात गर्दी होती. काउंटरवर कालचंच एक गिऱ्हाईकही उभं होतं. शेठने मिस्त्रीला पाहिलं, नजर खाली वळवली आणि खालमानेनेच काहीतरी म्हणाला.

शिवी असेल, की नुसतं चालता हो म्हणाला असेल? पूर्वी मिस्त्रीने मनानेच काहीतरी ठरवलं असतं आणि त्यावर भांडण उकरून काढलं असतं. त्याने काउंटरची कड घट्ट धरली.

"वर बघून बोल," तो म्हणाला. "मला ऐकू येत नाही."

शेठने मान वर केली. मग पुढे वाकून, एकेक शब्द सुटा करत, म्हाताऱ्या माणसाशी बोलतात तसा मोठ्याने म्हणाला, "काय पाहिजे तुला?"

मिस्त्रीला ते नीट ऐकू आलं. दुकानातल्या सगळ्यांनाच आलं.

"चार हीटर प्लग," तो म्हणाला, आणि पैसे काढायला त्याने खिशात हात घातला.