हं म्हटल्यावर मारायचं

हॉकीतला पेनल्टी कॉर्नर हे तीन माणसांचं काम. एकाने गोललाइनवरून बॉल ढकलायचा, दुसऱ्याने गोलसमोरच्या अर्धवर्तुळाच्या कडेला तो थांबवायचा आणि तिसऱ्याने हाणायचा. आमच्या काळात बॉल हाताने थांबवायला परवानगी होती. कंपनीच्या संघात थांबवणारा मी, सर्जेराव, आणि हाणणारा अय्युब. चौदा वर्षं आमची जोडी होती. मी धायरीहून सायकल हाणत यायचो, तो शनिवार पेठेतून. दोघांच्या नोकऱ्याही हॉकीच्याच जिवावर. दुपारी तीन वाजले की फोरमन आम्हाला सोडायचा आणि बाकीचे कामगार मागून शिव्या घालायचे.

बॉल पूर्ण थांबायच्या आत मारला तर पंच शिट्टी वाजवायचा. पण मारणाऱ्याचं लक्ष गोलकीपरवर असतं, त्याला बॉल बघायला सवड नसते. म्हणून आमचं ठरलेलं होतं. बॉल थांबला की मी "हं" म्हणायचं, की त्याने मारायचं. इतकं सोपं. या एका अक्षरावर आम्ही किती गोल केले, ते मोजायच्या भानगडीत मी कधी पडलो नाही.

चौऱ्याहत्तर साली लष्करातून निवृत्त झालेले जयसिंग सर आमचे कोच झाले. माणूस शिस्तीचा आणि हातात कायम स्टॉपवॉच. त्या वर्षी मी अडतीसचा, अय्युब छत्तिसाचा. पहिल्याच आठवड्यात सरांनी मला बाजूला बोलावलं.

"सर्जेराव, तुम्ही हं म्हणता आणि हा गृहस्थ उभाच राहतो. मग सावकाश मारतो. तुम्हाला काय वाटतं?"

मला काय वाटत होतं ते मी सांगितलं. खरं तर कोणी विचारायचीच मी वाट बघत होतो, कारण गेलं वर्षभर मलाही तो खोळंबा जाणवत होता. मी हं म्हणून हात उचलायचो आणि वर बघायचो, तर अय्युबची स्टिक अजून हवेतच. कँटीनमध्ये मी त्याला चिडवायचोही. "काय मियाँ, निरोप पोहोचला का? की पोस्टाने पाठवू?" तो नुसता हसून चहा ओतून घ्यायचा.

"वय झालंय सर त्याचं," मी म्हणालो. "माणूस सोन्यासारखा हाय, पण आता होत नाही त्याच्याच्यानं."

सरांनी मान हलवली. शनिवारी फळ्यावर सोळा नावं लागली. माझं होतं, अय्युबचं नव्हतं. सोमवारपासून तो पेंट शॉपमध्ये पूर्ण आठ तासांच्या ड्युटीवर. मला वाईट वाटलं, पण खोटं कशाला सांगू, माझं नाव बघून सुटल्यासारखंही वाटलं. घरी मंदाकिनीला सांगितलं तर ती म्हणाली, "आणि तुम्ही काय पंचविशीतले लागून गेलात?" मी तिला वेड्यात काढलं.

अय्युबच्या जागी अकबर आला. बावीस वर्षांचा, बैलासारखी ताकद. मी हं म्हटलं, त्याने मारला. शिट्टी. "बॉल हलतोय," सर म्हणाले. पुन्हा हं, पुन्हा शिट्टी. मी अकबरला झापलं. "घाई कसली झालीय तुला? हं म्हटल्यावर मारायचं!"

"हं म्हटल्यावरच मारला, काका," तो म्हणाला.

तिसऱ्या वेळी त्याची स्टिक माझ्या करंगळीवर बसली. माझं हं म्हणून झालं होतं आणि हात अजून खालीच होता. बोट धरून मातीत बसलो तेव्हा मला कळलं. माझ्या डोक्यात बॉल थांबलेला असायचा, हाताखाली तो थांबलेला नसायचा. तोंड जुन्या वेगाने चाललं होतं, हात मागे पडला होता. आणि अय्युब तेवढा वेळ थांबायचा.

बोटाला पट्टी बांधून मी तडक पेंट शॉपमध्ये गेलो. तो पत्र्यावर लाल रंग मारत होता.

"कधीपासून?" मी विचारलं.

त्याने पट्टीकडे बघितलं. "दोन सीझन झाले. अकबरला बजावलं होतं, सर्जेरावच्या आवाजावर जाऊ नको, बॉल बघ. ऐकतात कुठं ही पोरं?"

"मला का नाही बोललास?"

"बोललो असतो तर तू भ्यायला असतास. भ्यायलेल्या हाताने बॉल थांबत नाही, यार."

"अरे, तुझं वय झालं म्हणून मी सांगितलं सरांना!"

"ठाऊक आहे. सरांनी मला विचारलं तेव्हा मीही हेच सांगितलं." त्याने ब्रश डब्यात बुडवला. "जा आता. बोट शेकून घे."

मी घरी गेलो नाही. सरळ सरांसमोर उभा राहिलो आणि सगळं ओकलो. दोष माझा आहे, अय्युबला परत घ्या, हवं तर मला काढा. इतकं शहाण्यासारखं मी आयुष्यात कधी बोललो नव्हतो आणि बोलताना मला स्वतःचा अभिमानही वाटत होता. सरांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं.

"सांगितलंत ते बरं केलंत," ते म्हणाले. "पण अय्युबने दोन वर्षं स्टिक मुद्दाम रोखून धरली. आता ती सवय त्याच्या अंगात भिनलीय. हं म्हटल्यावर लगेच मारून दाखव म्हणून यादी लावायच्या आदल्या दिवशी मी त्याला स्वतः बॉल थांबवून दिले. वीस दिले. वीसही वेळा थांबला. ठरवूनही त्याला लगेच मारता येईना."

मी उभाच राहिलो. सरांनी खिशातून पेन काढलं आणि यादीतल्या माझ्या नावावर काट मारली.

दुसऱ्या दिवशी माझीही पूर्ण ड्युटी लागली, तीही पेंट शॉपमध्येच. मला दारात बघताच अय्युबला सगळं समजलं. चौदा वर्षांत तो माझ्यावर कधी आवाज चढवून बोलला नव्हता, त्या दिवशी बोलला.

"सांगून आलास ना? शाबास! अरे, माझे हात गेले ते गेलेच होते. आपल्यातला एक तरी मैदानावर होता, तोही घालवलास तू!"

तीन वाजले तेव्हा फोरमनने अकबरला आणि बाकीच्या पोरांना सोडलं. आम्ही दोघं एकमेकांकडे पाठ करून पत्रे रंगवत राहिलो.