शून्याची खुंटी

माझा सत्कार दुपारी चार वाजता होता, आणि सकाळी दहाला संचालक माझ्या टेबलावर सहीसाठी एक तक्ता ठेवून गेला. हा संचालक एके काळी माझ्याच हाताखाली शिकला. तेव्हा आम्ही त्याला 'होयबा' म्हणायचो. अजूनही म्हणतो, फक्त हळू आवाजात.

तक्ता समुद्राच्या भिंतीचा होता. बंदराशेजारची सखल वस्ती वाचवायला भिंत बांधायची आहे, आणि तिची उंची ठरणार आमच्या अंगणातल्या पितळी खुंटीवरून. दगडात बसवलेली, अंगठ्याएवढी खुंटी. देशातली प्रत्येक उंची हिच्यापासून मोजतात. ही म्हणजे शून्य. खुंटी हलवून बळकट करावी म्हणतात. आमच्याकडे ती हलते असं म्हणायचीच बंदी.

आणि ती खचते आहे. दरवर्षी चार मिलिमीटर. हे मला सव्वीस वर्षं माहीत आहे.

मी या संस्थेत तेविसाव्या वर्षी आले. तेव्हा उपग्रह म्हणजे कॅमेऱ्यातल्या काचेच्या पट्टीवर, ताऱ्यांच्या ठिपक्यांमध्ये उमटलेली एक पुसट रेघ. ती सूक्ष्मदर्शकाखाली मोजायची, आणि उपग्रह कुठे जास्त ओढला गेला त्यावरून खालची पृथ्वी कुठे फुगली, कुठे दबली ते काढायचं. हे गणित या देशात माझ्याआधी कुणी केलं नव्हतं. निबंधावर नाव आलं तेव्हाच्या संचालकांचं, थोरल्या साहेबांचं. तळाशी बारीक अक्षरात, 'आकडेमोडीबद्दल आमच्या बाईंचे आभार'. जणू मी चहा दिला होता.

पुढे खुंटीशेजारी उपग्रहांचे संदेश घेणारी अँटेना बसली. दुसऱ्याच वर्षी ती खाली जाताना दिसली. मी थोरल्या साहेबांकडे गेले. त्यांनी कागदाकडे बघितलंही नाही.

"खुंटी हलत नाही बाई. तुमची अँटेना चुकते."

नाचता येईना अंगण वाकडं, अशी म्हण आहे. इथे अंगण खरोखरच वाकडं होतं, आणि नाचता येत नाही हे मला ऐकवलं जात होतं.

मग मी काय केलं? भांडले असते तर आज हे लिहायची वेळ आली नसती. मला विभागप्रमुख व्हायचं होतं. मी तक्त्यात एक रकाना वाढवला, 'स्थानक-दुरुस्ती'. अँटेना जितकी खाली दिसेल तितके मिलिमीटर तिच्या उंचीत मिळवायचे, की खुंटी परत शून्यावर. तात्पुरतं, असं स्वतःला सांगितलं, नवी अँटेना येईपर्यंत. अँटेना तीनदा बदलली. रकाना राहिला. तो पाठ्यपुस्तकात गेला, 'बाईंची दुरुस्ती' म्हणून पोरं पाठ करू लागली. आजचा सत्कार त्याच दुरुस्तीसाठी होता.

चूक कधी वर जाते, कधी खाली. सव्वीस वर्षं एकाच दिशेने चालते ती चूक नसते. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यालाही हे कळतं.

माझी धाकटी बहीण त्याच सखल वस्तीत राहते. तिचा नवरा गवंडी होता. घर त्यांनी स्वतःच्या हाताने बांधलं. मोठ्या भरतीला स्वयंपाकघरात पहिल्यांदा पाणी आलं, तेव्हा मी आमचा तक्ता बघून निकाल दिला होता, "जमीन जागची हललेली नाही. भाऊजी, तुमचा पाया खचलाय." उपग्रहवाल्या मेहुणीपुढे गवंडी काय बोलणार? त्यांचा उंबरा मोजायला मी कधी गेले नाही. उंटावरून शेळ्या हाकल्या, आणि माझा उंट तर हजारो किलोमीटर उंच.

भाऊजी जाऊन तीन वर्षं झाली. गेल्या रविवारी तिच्याकडे गेले, तेव्हा दाराच्या चौकटीवर पेन्सिलीच्या खुणा दिसल्या. दरवर्षीची सगळ्यात मोठी भरती कुठवर आली, आणि शेजारी साल. शेवटच्या तीन बहिणीच्या हातच्या, बाकीच्या भाऊजींच्या. मी त्या वहीत उतरवून घेतल्या आणि आलेख काढला. खुणा वरखाली होत्या, पण मधून रेघ ओढली, समुद्र स्वतः चढतो तेवढं वजा केलं, तर उरलेला चढ माझ्या रकान्याशी जुळला. सोमवारी आमच्या सर्वेक्षकाला पाठवून खुंटीपासून तिच्या उंबऱ्यापर्यंतची उंची मोजून घेतली. घराच्या मूळ नकाशात होती तेवढीच भरली. घर खुंटीबरोबर खाली गेलं होतं, केसभरही जास्त नाही. गवंड्याने जे दिसलं ते लिहून ठेवलं होतं. मी ते मिळवून नाहीसं केलं होतं.

म्हणून आज सकाळी तक्ता समोर येताच मी लाल पेन घेतलं, रकाना खोडला आणि होयबाला बोलावलं.

"बाई, हे काय केलंत? कंत्राट निघालंय."

"भिंत दहा सेंटीमीटर ठेंगणी होतेय. आणि पुढच्या पन्नास वर्षांचे अजून वीस धर."

"दहा म्हणजे वीतभरसुद्धा नाही."

"लोकांच्या स्वयंपाकघरात येतं ते पाणी तेवढंच असतं."

तो खुर्चीत बसला. "मग दुपारी सत्कार कशाचा करू? मानपत्रात ही दुरुस्तीच आहे. थोरल्या साहेबांच्या काळापासून—"

"थोरले साहेब फोटोत आहेत. सही मला करायचीय. इतकी वर्षं मीही होयबाच होते रे, नाव तेवढं तुला पडलं."

विभागप्रमुख म्हणून माझ्या सहीशिवाय तक्ता बाहेर जात नाही. मी खोडलेल्या तक्त्यावर सही केली आणि एक प्रत स्वतः भिंतीच्या इंजिनिअरच्या हातात देऊन आले. परतले तर सभागृहाच्या दारावर कागद लागला होता, बाईंच्या प्रकृतीच्या कारणास्तव कार्यक्रम रद्द. माझी प्रकृती ठणठणीत होती.

चार वाजता बहिणीकडे गेले. ती शेंगा सोलत होती. मी उभ्यानेच सांगितलं, "घर खचलं नव्हतं. सगळी वस्तीच खचतेय. मला माहीत होतं."

सोलता सोलता ती म्हणाली, "ह्यांनी दोनदा पाया उकरला, ताई. दुसऱ्यांदा पाठ गेली ती गेलीच."

"हो."

"शेवटी शेवटी म्हणायचे, लोकांची घरं नीट बांधली, तुझंच कच्चं निघालं."

तिने हात पुसले, फळीवरची पेन्सिल काढून माझ्या हातात दिली आणि चौकटीकडे बोट दाखवलं.

"लिही तिथे. ह्यांच्या पहिल्या खुणेशेजारी. सहीनिशी."

मी लिहिलं, 'पाया पक्का आहे', आणि खाली सही केली. तिने ते एकदा वाचलं, पेन्सिल परत घेतली आणि शेंगा सोलायला बसली. मला बस म्हणाली नाही.